लाल दोरीपासून बीकनपर्यंत: बर्फाखालच्या पंधरा मिनिटांची गोष्ट

आजचा विषय ऐकून चंद्रपूर-गडचिरोलीकडचे आपले श्रोते म्हणतील, याला ऊन लागलं काय? बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, आणि हा हिमस्खलनाच्या गोष्टी सांगतोय. पण थांबा. असल्याच एका मे महिन्यात, २०१८ साली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. आदिवासी विकास विभागाचं ‘मिशन शौर्य’ ते हेच. देवाडा, बोर्डा, जिवती इथल्या शाळांमधली ही मुलं, आणि त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी. तेव्हा बर्फ हा काही फक्त मनालीला हनिमूनला जाणाऱ्यांचा विषय राहिलेला नाही.

आता एव्हरेस्टची सामग्री वेगळी असते. पिसांचा सूट, ऑक्सिजन, बुटाखालचे काटे. आज बोलायचंय ते स्कीइंगबद्दल, आणि तेही राखलेल्या उतारांवरचं नाही, तर त्यांच्या बाहेरचं, ज्याला बॅककंट्री म्हणतात. गुलमर्गला २००५ मध्ये गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अफरवाटच्या जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर कुणीही वीसेक मिनिटांत पोचू लागलं. तिथून खाली यायला मोकळे उतार आहेत, आणि त्यांवरून बर्फ सुटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्याच खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे आपले सतरा जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच भागात एक परदेशी स्कीअर गेला.

मग अशा ठिकाणी जाताना घ्यायचं काय? दुकानदाराला विचाराल तर तो सगळंच घ्या म्हणेल. आपण इतिहासाला विचारू.

सुरुवात एका दोरीपासून होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियात स्कीअर कमरेला वीसेक मीटरची लाल दोरी बांधून मागे सोडायचे. कल्पना साधी: माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहील, तिच्यावरचे बाण बघत जायचं आणि खणायचं. अडचण एवढीच की बऱ्याचदा दोरीही माणसाबरोबर आतच जायची. तरी लोकांनी ती कित्येक दशकं वापरली, कारण दुसरं होतं काय?

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात जॉन लॉटन या इंजिनिअरनं ‘स्काडी’ नावाचं यंत्र बनवलं. नाव नॉर्स पुराणातल्या हिवाळ्याच्या देवीचं. प्रत्येकाच्या अंगावर एक यंत्र, ते सतत संदेश सोडत राहणार. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं ‘शोध’वर टाकायची आणि कानात आवाज वाढत जाईल तसं जवळ जायचं. यालाच आज बीकन किंवा ट्रान्सिव्हर म्हणतात. पुढे युरोपात वेगळी फ्रिक्वेन्सी आली, म्हणजे एकाचं यंत्र दुसऱ्याला ऐकूच येईना! शेवटी १९८६ मध्ये ४५७ किलोहर्ट्झवर एकमत झालं. १९९७ च्या सुमारास डिजिटल यंत्रं आली आणि कानाऐवजी पडद्यावरचा बाण आणि अंतर बघता येऊ लागलं.

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, दादा, मोबाइलचं ॲप नाही का? आलं होतं की! एक नाही, तीन-तीन. २०१३ मध्ये कॅनडाच्या हिमस्खलन केंद्राला जाहीर सांगावं लागलं की यांच्यावर विसंबू नका. फोन ४५७ किलोहर्ट्झवर बोलतच नाही, आणि एका ॲपला दुसऱ्या ॲपचं ऐकू येत नाही. उलट फोनमुळे बीकनच गोंधळतो. म्हणून फोन बीकनपासून किमान वीस सेंटिमीटर लांब, आणि शोध चालू असताना निदान पन्नास. खरं तर शोधताना बंदच ठेवा. रील नंतर.

आणि एवढी घाई कशासाठी? १९९४ मध्ये स्वित्झर्लंडच्या अपघातांचा हिशोब प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी शंभरात ९२ जगले, पस्तीस मिनिटांनी हाच आकडा तीसवर. २०२४ चा नवा अभ्यास तर म्हणतो की हातातला वेळ दहाच मिनिटांचा आहे. गावाहून मदत येईपर्यंत हे सगळं संपलेलं असतं. म्हणजे वाचवणार कोण? शेजारी असलेलाच.

म्हणून बीकनबरोबर प्रोब आणि फावडं. प्रोब म्हणजे घडीची लांब काठी. बीकन जागा दाखवतो, पण माणूस नेमका कुठे आणि किती खोल, ते काठी टोचल्यावरच कळतं. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो खणण्यात. सुटून थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, घट्ट बसतो, प्लास्टिकचं फावडं त्यावर वाकतं. पैसे वाचवायचेच असतील तर जॅकेटवर वाचवा, फावड्यावर नको. धातूचंच घ्या.

याच्या पलीकडेही कधीकधी काही घडतं. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. सहाव्या दिवशी पंचवीसेक फूट खाली लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, देश थक्क झाला. ११ फेब्रुवारीला तेही गेले. अशा चमत्कारावर भरवसा ठेवून कुणी सामान घेत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट, आणि ही खास जंगलवाल्यांसाठी. १९७० च्या दशकात बव्हेरियातला एक वनाधिकारी, योसेफ होहेनेस्टर, शिकार खांद्यावर टाकून बर्फातून जात असताना हिमस्खलनात सापडला. त्याच्या लक्षात आलं की खांद्यावर जनावर असलं की आपण वरच राहतो! का? चिवड्याचा डबा हलवून बघा. शेंगदाणे वर येतात, चुरा तळाला जातो. वाहत्या बर्फातही मोठी वस्तू वर येते, म्हणजे माणसानं फक्त ‘मोठं’ व्हायचं. होहेनेस्टरनं प्रयोग केले, १९८० मध्ये पीटर आशाउअर यांनी पेटंट विकत घेतलं आणि १९८५ मध्ये पाठीवरची फुगणारी पिशवी म्युनिकच्या प्रदर्शनात आली. हीच एअरबॅग.

ती चालते का? २०१४ च्या एका अभ्यासात, मोठ्या हिमस्खलनात नीट सापडलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. पण त्याच अभ्यासात पाचातली एक पिशवी फुगलीच नाही, आणि त्यातल्या बहुतेक वेळा माणसानं दोरच ओढला नव्हता. झाड किंवा खडक आदळला, तर पिशवीचा उपयोग नाही. म्हणून माझ्या मते एअरबॅग चौथी. बीकन, प्रोब, फावडं आधी, आणि तिन्ही प्रत्येकाकडे. दोघांत मिळून एक फावडं, हे चालत नाही, कारण फावडं ज्याच्या पाठीवर आहे तोच गाडला गेला तर?

गंमत बघा, यातला बीकन सोडला तर काहीच आपल्या स्वतःच्या उपयोगाचं नाही. माझी काठी, माझं फावडं तुझ्यासाठी, तुझं माझ्यासाठी. आपल्याकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपानाला जाणाऱ्या बायकांना हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. वाघाच्या जंगलात त्या घोळक्यानं जातात आणि वाकून काम करताना एकमेकींना हाका देत राहतात. हाक आली नाही की लगेच मान वर.

स्कीअरांचीही एक हाक असते. निघण्यापूर्वी एकजण बीकन ‘शोध’वर ठेवून उभा राहतो. बाकीचे थोडं अंतर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जातात. प्रत्येकाचा संदेश ऐकू आला की मग तोही आपला बीकन ‘पाठव’वर टाकतो, कुणीतरी त्याचाही तपासतो. पाच मिनिटांचं काम आहे. सेल संपलेला, बटण बंद राहिलेलं, जे काय असेल ते तिथेच कळतं, उतारावर नाही.