वांशिक फेटिश आणि खरे आकर्षण : फरक कसा ओळखायचा?

एखादी व्यक्ती आवडणे आणि त्या व्यक्तीच्या वंशाबद्दल आपल्या डोक्यात असलेली कल्पना आवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हीत कौतुक असते, मेसेज असतात, भेटवस्तू असतात. फरक कळतो तो उशिरा, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ज्याच्याकडे असे पाहिले गेले तोच मोजतो.

शिक्षण आणि नोकरीसाठी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या मुलामुलींना डेटिंग अ‍ॅपवर हा प्रश्न पडतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या ईशान्य भारतातील आणि लडाखमधील तरुणींना तो इथेच पडतो. सामाजिक कामात तरुणांशी बोलताना आम्हाला जाणवते की या अनुभवाला नाव नसल्यामुळे अनेक जण तो गिळून टाकतात. “तो तर माझी स्तुतीच करत होता, मग मला वाईट का वाटले?” असा प्रश्न मनात राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

संज्ञा कुठून आली?

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारासाठी गेलेल्या पोर्तुगीजांनी तेथील लोकांच्या ताईत-गंड्यांना ‘फेइतिसो’, म्हणजे जादूटोण्याची वस्तू, असे नाव दिले. त्यावरून ‘फेटिश’ हा शब्द युरोपीय भाषांत रुळला. पुढे मानसशास्त्राने तो लैंगिक आकर्षणासाठी वापरला. सिग्मंड फ्रॉइड यांचा या विषयावरील निबंध १९२७ चा आहे. माणसाऐवजी एखादी वस्तू किंवा शरीराचा एखादा भागच आकर्षणाचे केंद्र होतो, तेव्हा त्याला फेटिश म्हणतात.

वांशिक फेटिशमध्ये हे केंद्र म्हणजे वंश. त्वचेचा रंग, डोळ्यांची ठेवण, केस आणि त्यांना चिकटवलेला स्वभाव. आशियाई स्त्री म्हणजे आज्ञाधारक, कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे दांडगा, भारतीय स्त्री म्हणजे गूढ आणि कामसूत्रवाली. व्यक्तीशी ओळख होण्याआधीच तिचा स्वभाव ठरलेला असतो.

इतिहास : ही नजर तयार कशी झाली?

दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजाच्या सारा बार्टमन यांना १८१० मध्ये लंडनमध्ये प्रेक्षकांसमोर तिकीट लावून दाखवण्यात आले. त्यांच्या शरीराची ठेवण हा ‘खेळ’ होता. पुढे त्यांना पॅरिसला नेले गेले. १८१५ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी त्यांच्या देहाचे विच्छेदन केले. त्यांचे अवशेष विसाव्या शतकातही पॅरिसच्या संग्रहालयात प्रदर्शनात होते. नेल्सन मंडेला यांच्या सरकारने ते परत मागितले आणि २००२ मध्ये त्यांचा मायदेशी दफनविधी झाला. कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीराकडे कुतूहल, वासना आणि तिरस्कार या तिन्हींनी एकाच वेळी पाहण्याची सवय किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

आशियाई स्त्रियांबाबत अमेरिकेत हे काम कायद्यानेही केले. १८७५ च्या पेज कायद्याने चीन, जपान आणि अन्य ‘पौर्वात्य’ देशांतून वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना आणण्यास बंदी घातली. प्रत्यक्षात प्रत्येक चिनी स्त्रीकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांचा प्रवेश जवळपास थांबला. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांवर बंदी घालणारा कायदा आला. म्हणजे आधी चिनी स्त्री ‘तसली’ ठरली आणि मग तिचे पुरुष नकोसे ठरले.

साहित्य आणि रंगभूमीने याच नजरेला सुंदर रूप दिले. फ्रेंच नौदल अधिकारी असलेल्या पियेर लोती यांची नागासाकीतील ‘तात्पुरत्या’ लग्नावरची कादंबरी १८८७ ची आहे. पुचिनी यांचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा १९०४ मध्ये मिलानमध्ये आला. त्यात पंधरा वर्षांची जपानी मुलगी अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची वर्षानुवर्षे वाट पाहते आणि शेवटी आत्महत्या करते. हाच साचा व्हिएतनाम युद्धाच्या पार्श्वभूमीवर ‘मिस सायगॉन’ या संगीतिकेत १९८९ मध्ये पुन्हा आला. त्याआधी वर्षभर, १९८८ मध्ये, डेव्हिड हेन्री ह्वांग यांनी ‘एम. बटरफ्लाय’ या नाटकात हा साचा उलटा करून दाखवला. नाटकातला फ्रेंच मुत्सद्दी ज्या चिनी ‘स्त्री’च्या प्रेमात वर्षानुवर्षे असतो, ती प्रत्यक्षात पुरुष आणि हेर निघते. आपण माणसावर नव्हे, स्वतःच्याच कल्पनेवर प्रेम करत होतो, हे त्याला फार उशिरा कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, कोरिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंड या देशांत अमेरिकन सैन्य राहिले. तळांभोवती देहविक्रीचा बाजार उभा राहिला. गरिबीमुळे त्या बाजारात आलेल्या स्त्रियांवरून साऱ्या आशियाई स्त्रियांचा स्वभाव ठरवला गेला. सैनिक घरी परतले, पण ती कल्पना सिनेमातून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचत राहिली.

स्तुती आणि हिंसा यांचे नाते

“यात वाईट काय, कौतुकच तर आहे” असे म्हणणाऱ्यांनी दोन घटना लक्षात ठेवाव्यात.

कृष्णवर्णीय पुरुषाच्या कथित ‘अतिपौरुषा’चे आजही कौतुक होते. याच कल्पनेने एकेकाळी त्याला गोऱ्या स्त्रियांसाठी धोका ठरवले. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एम्मेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा, एका गोऱ्या स्त्रीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून, निर्घृण खून झाला. आरोपी निर्दोष सुटले. त्या काळात अनेक राज्यांत आंतरवंशीय लग्न हा गुन्हा होता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ते कायदे रद्द केले, तेव्हाही ते सोळा राज्यांत लागू होते.

दुसरी घटना १६ मार्च २०२१ ची. अमेरिकेत अटलांटा आणि परिसरातील तीन स्पांमध्ये एका गोऱ्या तरुणाने आठ जणांना गोळ्या घालून मारले. त्यांपैकी सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आपल्याला लैंगिक व्यसन आहे आणि ही ठिकाणे म्हणजे ‘मोह’ होता, असे त्याने पोलिसांना सांगितले. त्या स्त्रिया त्याच्या लेखी माणसे नव्हत्या. त्याच्याच वासनेचे रूप होत्या. म्हणूनच त्यांना मारणे त्याला स्वतःवरचा उपाय वाटला. प्रत्येक फेटिश इथवर जात नाही. पण माणसाची वस्तू करणारी पहिली पायरी दोन्हीकडे एकच आहे.

डेटिंग अ‍ॅपने काय दाखवले?

ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग संकेतस्थळाचे सहसंस्थापक ख्रिश्चन रडर यांनी २००९ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये आपल्या वापरकर्त्यांची माहिती जाहीर केली. कृष्णवर्णीय स्त्रियांना बहुतेक गटांतील पुरुषांकडून कमी पसंती मिळत होती. आशियाई पुरुषांना इतर गटांतील स्त्रियांकडून कमी, तर आशियाई स्त्रियांना बहुतेक पुरुषांकडून जास्त पसंती मिळत होती. या वर्षांत “वंशाने फरक पडत नाही” असे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. प्रत्यक्ष निवडीत मात्र सुधारणा दिसली नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आशियाई स्त्रीला मिळणारी जास्त पसंती आणि आशियाई पुरुषाला मिळणारा नकार यांचे मूळ एकच आहे : आशियाई म्हणजे नरम, दबून राहणारे. हीच कल्पना स्त्रीच्या बाबतीत ‘गुण’ ठरते आणि पुरुषाच्या बाबतीत ‘उणीव’. त्यामुळे जास्त मागणी म्हणजे जास्त सन्मान, असे समजण्याचे कारण नाही.

जून २०२० मध्ये ग्राइंडर या अ‍ॅपने वंशानुसार निवड करण्याची सोय काढून टाकण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात शादी डॉट कॉमनेही टीकेनंतर त्वचेच्या रंगाची चाळणी काढली. चाळणी निघाली तरी नजर आपोआप बदलत नाही. पण नजरेला कंपनीने बटण देणे तरी थांबले.

“आवड ज्याची त्याची” हा युक्तिवाद

कुणाला उंच माणसे आवडतात, कुणाला कुरळे केस. मग कुणाला आशियाई मुली आवडल्या तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तत्त्वज्ञ रॉबिन झेंग यांनी २०१६ च्या आपल्या लेखात त्याला उत्तर दिले आहे. आवड असणाऱ्याच्या मनात काय आहे यावरच चर्चा अडकते. ती ज्याच्या वाट्याला येते त्याचे काय होते, हेही पाहायला हवे, असा त्यांचा मुद्दा आहे. कुरळ्या केसांच्या मुलीला “हा माझ्यावर प्रेम करतो की माझ्या केसांवर?” ही शंका वर्षानुवर्षे कुरतडत नाही. कारण कुरळ्या केसांवरून कुणाला गुलाम केले गेले नाही, की देशात येण्यापासून रोखले गेले नाही. वंशाच्या बाबतीत ही शंका प्रत्येक नात्यात सोबत येते, आणि तिचे ओझे एकाच बाजूवर पडते.

मार्था नुसबॉम यांनी १९९५ मध्ये माणसाला वस्तू समजण्याचे सात प्रकार सांगितले. त्यांपैकी एक इथे फार उपयोगी आहे : अदलाबदल. म्हणजे ही व्यक्ती नसेल तर तशीच दुसरी चालेल, असे वागणे. आमच्या मते फेटिश ओळखण्याची सर्वात साधी कसोटी हीच आहे. खऱ्या आकर्षणात व्यक्ती बदलता येत नाही. फेटिशमध्ये वर्णन तेच राहिले की व्यक्ती बदलली तरी चालते.

फरक ओळखण्यासाठी काही प्रश्न

१. पहिल्या काही संवादांत तुमचे काम, मते, आवडीनिवडी यांबद्दल विचारणा होते, की तुमचा रंग, देश आणि ‘तुमच्याकडच्या मुली’ यांबद्दलच?

२. “मला तुमच्यासारखेच लोक आवडतात” असे वारंवार ऐकू येते का? यातला ‘तुमच्यासारखे’ कोण, हे विचारून पाहा.

३. तुम्ही त्यांच्या कल्पनेविरुद्ध वागलात, म्हणजे मोठ्याने बोललात, असहमती दाखवली, त्यांना अपेक्षित पेहराव केला नाहीत, तर त्यांना तुमच्याबद्दल नवे काही कळल्याचा आनंद होतो, की फसवणूक झाल्यासारखे वाटते?

४. तुम्हाला वांशिक अपमान सहन करावा लागला, तर ते तुमच्या बाजूने उभे राहतात का? ज्याला तुमचा वंश हवा, पण त्या वंशाचे दुःख नको, त्याला तुम्ही नको आहात.

५. ते तुम्हाला आपल्या घरच्यांना, मित्रांना भेटवतात, की नाते फक्त खोलीपुरते आणि फोनपुरते आहे?

सावधगिरीचीही गरज आहे. कुणी जपानी भाषा शिकले, कुणाचे आधीचे दोन जोडीदार एकाच वंशाचे होते, एवढ्यावरून फेटिश सिद्ध होत नाही. वंशभेद सोसलेल्या व्यक्तीने समजून घेणारा आपल्यातलाच जोडीदार शोधणे हेही फेटिश नव्हे. तिथे शोध सुरक्षिततेचा असतो. आणि खऱ्या आकर्षणात रंग दिसतच नाही असेही नाही. रंग दिसतो, पण माणूस त्याच्या मागे लपत नाही.

आपल्याकडे काय?

ईशान्य भारतातील तरुणींना आपल्या शहरांत ‘चिंकी’ म्हणून हिणवले जाते आणि त्याच वेळी ‘सहज मिळणाऱ्या’ समजले जाते. हिणवणे आणि हव्यास एकाच नजरेतून येतात. अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तिने वांशिक शेरेबाजीविरुद्ध कायद्यात स्वतंत्र तरतुदीची शिफारस केली. या तरुणांमध्ये अनेक जण बौद्ध आहेत. विहारात शेजारी बसणाऱ्या बहिणीला रस्त्यावर काय ऐकावे लागते, हे आपण विचारले पाहिजे.

जातीचा विषय वेगळा आहे. जात म्हणजे वंश हा सिद्धांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारला होता. मात्र जातीबाहेर लग्न न करणे हाच जातीचा गाभा आहे, हे त्यांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले आणि १९३६ मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. म्हणून भिंत ओलांडणारे प्रेम आपल्यासाठी मोलाचे आहे. तरीही आमच्याकडे येणाऱ्या काही मुली सांगतात की जोडीदाराला त्यांच्यापेक्षा त्यांची जात जास्त हवी होती. मित्रांमध्ये पुरोगामी म्हणून मिरवायला ती उपयोगी होती. घरी सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तो गप्प बसला. असे नाते भिंत पाडत नाही. ते भिंतीवर फक्त स्वतःचे नाव लिहिते.

शेवटी एवढेच

अशा अनुभवातून जाणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये. अस्वस्थ वाटणे म्हणजे अतिसंवेदनशील असणे नव्हे. “मला हे बोलणे आवडले नाही” हे स्पष्ट सांगा आणि समोरचा त्यावर काय करतो ते पाहा. जो ऐकून घेतो, प्रश्न विचारतो आणि बदलतो, त्याच्याशी संवाद होऊ शकतो. जो “तुला कौतुकही कळत नाही” म्हणतो, त्याने उत्तर दिलेले आहे. धमक्या, पाठलाग किंवा फोटोंचा गैरवापर असेल तर सर्व मेसेज जपून ठेवा, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि पोलिसांत तक्रार करा.

आणि ज्यांना कुणी आवडते आहे, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या व्यक्तीचा वंश, रंग, जात यांचा उल्लेख न करता ती मला का आवडते, हे मी चार वाक्यांत सांगू शकतो का? सांगता आले तर पुढे जायला हरकत नाही. सांगता आले नाही, तर आधी त्या व्यक्तीची ओळख करून घेणे बाकी आहे.