स्वस्त डिस्कांची मोट

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरे! १९८८ साली बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी निबंध लिहून सुचवले, की एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्कांची मोट बांधा. एखादी बिघडली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर परत मिळावा, अशी सोय ठेवा. हीच ती 'रेड' पद्धत.

२००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस ही मोफत प्रणाली काढली आणि साध्या पीसीचाही स्टोरेज सर्व्हर होऊ लागला. पण मंडळी, इथेही पत्रिका जुळाव्या लागतात! फ्रीनॅस उभे होते फ्रीबीएसडीवर. त्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसेल, तर नवेकोरे कार्डही निरुपयोगी. २०२० साली उघड झाले, की अशा सर्व्हरसाठी विकलेल्या काही डिस्कांत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या होत्या. एरवी त्या चालत. पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी बसवून मजकूर पुन्हा भरायची वेळ आली की रखडत. म्हणजे ऐन संकटात दगा!

माझा नातू घरातले जुने फोटो आणि पत्रे जपायला असा सर्व्हर जोडतो आहे. त्याला म्हटले, "बाळा, प्रोसेसर साधा चालेल, पण प्रत्येक भाग प्रणालीशी जुळतो का ते आधी बघ. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पणजोबांचे पत्र चुकून पुसलेस, तर सगळ्या डिस्कांवरून एकदमच जाईल. एक प्रत आत्याकडे ठेव."