गुडघाभर पाण्यात बुडालेली पेटी

ढाणकीसारख्या गावात धातुशोधक यंत्राचे काय काम, असे कोणीही विचारील. पण काम निघाले. मे महिन्यात नाल्याच्या डोहावर धुणे धुताना एका विद्यार्थ्याच्या आईच्या दंडातली चांदीची वाकी निसटून पाण्यात गेली. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढता येते. गाळात रुतलेली वाकी कशी काढणार? एका परिचिताकडे पाण्यात चालणारे धातुशोधक यंत्र होते, ते मागून आणले. मुले जमेपर्यंत ते सकाळभर काठावरच्या दगडावर उन्हात पडून होते. पाण्यात घातल्यावर दहा मिनिटांत ते आधी किंचाळू लागले आणि मग मुके झाले. पेटी उघडली तर आत दोन-तीन चमचे पाणी! एका मुलाने विचारले, "सर, तीन मीटर खोल पाण्यात चालते असे त्यावर लिहिले आहे ना? मग गुडघाभर पाण्यात कसे बुडाले?"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना दोन वेगवेगळ्या शोधांचा इतिहास चाळावा लागला. एक यंत्राचा आणि दुसरा त्याला कोरडे ठेवणाऱ्या रबरी कड्याचा.

यंत्राचा इतिहास ठाऊक असणारे बरेच आहेत. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात अडकून राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षे होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तारेची वेटोळी घेऊन धावले. एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. तत्त्व बरोबर होते, पण गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, शिवाय डॉक्टरांनी बेलना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफिल्ड वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात यूझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकाला हातात धरून चालवता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. 1942 साली एल अलामेनच्या वाळवंटात अशी सुमारे 500 यंत्रे वापरली गेली.

वाळवंटातून हे तत्त्व नदीत न्यायला भौतिकशास्त्राची फारशी हरकत नाही. गोड्या पाण्यातून चुंबकीय क्षेत्र सहज जाते. वेटोळ्यांची चकती राळेत ओतून घट्ट करता येते. तिच्यात पोकळीच उरली नाही, तर पाणी शिरणार कुठे? अडचण आहे ती पेटीची. तिच्यात विद्युतघट असतात, ते बदलण्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि जे उघडते ते गळू शकते.

आपल्याकडे नळाचा सांधा गळू लागला की आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा फासतात आणि पान्याने करकचून आवळतात. एकदा बसवून विसरून जायच्या सांध्याला हे ठीक आहे. सारखे उघडायचे झाकण किंवा वरखाली सरकणारा दट्ट्या असेल, तर हा उपाय चालत नाही. जोसेफ ब्रामाने 1795 साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच होता. दट्ट्याभोवतीचे वेष्टण सैल ठेवले तर पाणी गळे, घट्ट केले तर दट्ट्या परत येईना. यातून वाट काढण्याचे श्रेय त्याच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. त्याने चामड्याचे वाटीसारखे वळवलेले कडे बसवले. वाटीचे तोंड दाबाच्या दिशेला. दाब वाढला की वाटीची कड फाकून दट्ट्याला घट्ट चिकटे, दाब उतरला की सैल पडे. म्हणजे ज्या पाण्याला अडवायचे त्याच्याच जोरावर अडवायचे! सायकलच्या पंपातले चामडी वायसर काढून मुलांना दाखवा, मॉडस्लेची वाटी त्यांच्या हातात येईल.

हीच वाटी आपल्या गावोगावच्या हातपंपांतही होती. 1972 च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात हजारो कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात घरगुती वापरासाठी आखलेले होते. सबंध गावाचा भार त्यांना सोसेना. जालना आणि सोलापूर येथे त्यावर सुधारित पंप घडवले गेले आणि त्या अनुभवावरून, विशेषतः सोलापूर पंपावरून, 'इंडिया मार्क दोन' हा पंप आकाराला आला. तोही पुढे खोल नळीतल्या झिजलेल्या चामडी वायसरापाशी अडत असे, कारण ते बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत. मार्क तीनमध्ये पाइप रुंद करून दट्ट्या एकटाच वर काढण्याची सोय झाली आणि चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आले. हातभर वायसरही नव्हे, चार बोटांचा तुकडा. पण तो फाटला की बाया पुन्हा कोसभर लांबच्या विहिरीकडे. मला हा इतिहास कोणत्याही महायुद्धापेक्षा कमी वाटत नाही.

आमच्या पेटीत मात्र वाटी नव्हती, गोल छेदाचे साधे रबरी कडे होते. त्याला ओ-रिंग म्हणतात. असे कडे 1896 साली स्वीडनमध्ये पेटंट झाले होते, पण ते रुजवले नील्स क्रिस्टेन्सन याने. डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा यंत्रज्ञ 1891 साली अमेरिकेत गेला आणि 1937 साली, वयाच्या 72 व्या वर्षी, त्याने आपल्या कड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची मेख कड्यापेक्षा खाचेत होती. कड्याच्या जाडीच्या साधारण दीडपट लांबीची खाच त्याला योग्य आढळली. कड्याला हलायला थोडी जागा हवी! दाब आला की कडे खाचेच्या पलीकडच्या भिंतीकडे सरकते, तिथे दबून पसरते आणि फट बुजवते. युद्धकाळात अमेरिकी सरकारने हे पेटंट ताब्यात घेऊन इतर कारखान्यांना उत्पादनाची मुभा दिली. क्रिस्टेन्सनला 75,000 डॉलर मिळाले. खटल्यानंतर आणखी 1 लाख डॉलर मंजूर झाले ते 1971 साली, त्याच्या मृत्यूनंतर 19 वर्षांनी, वारसांना.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. 10 मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे 1 किलोग्रॅम असतो. गुडघाभर, म्हणजे अर्ध्या मीटरवर, तो अवघा 50 ग्रॅम. इतका क्षीण दाब कड्याला पुरेसा ढकलत नाही. तिथे सगळी भिस्त कड्याच्या स्वतःच्या लवचीकपणावर आणि स्वच्छतेवर. आम्ही भिंगातून पाहिले, तर कड्यावर एक केस आडवा पडलेला होता. केसाच्या दोन्ही बाजूंना उरलेली सूक्ष्म वाट पाण्याला पुरते. खोल पाण्यात तग धरणारी जोडणी कधी कधी उथळ पाण्यात झिरपते, ती यामुळेच.

पण आणखी एक चूक आमची होती आणि ती विदर्भाच्या उन्हाची. दगडावरच्या पेटीतली हवा 45 अंश सेल्सियसला होती असे धरू. डोहाचे पाणी 25 अंशांचे. निरपेक्ष तापमान 318 वरून 298 वर आले, म्हणजे आतला दाब सुमारे 6 टक्क्यांनी घटला. वातावरणाचा दाब पाण्याच्या 10 मीटर उंचीइतका, तेव्हा ही घट 60 सेंमी.हून थोडी जास्त. गुडघाभर पाण्यातली पेटी जणू कंबरेच्या वर खोलीचा भार सोसत होती, आणि केसाच्या वाटेने पाणी आत ओढत होती. अर्ध्या लिटरच्या पेटीचे 6 टक्के म्हणजे 30 मिलिलिटर. दोन-तीन चमच्यांचा हिशेब सहज लागतो. वर्गात करून पाहा: प्लास्टिकची बाटली उन्हात तापवा, झाकण लावा आणि माठाच्या पाण्यात बुडवा. बाटली चेपते. झाकणाखाली दोरा ठेवून पुन्हा करा.

कड्याचा लवचीकपणा किती महत्त्वाचा, हे जगाने 28 जानेवारी 1986 रोजी पाहिले. चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले. त्यातले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती, ती अंतराळातून मुलांना धडे देणार होती. त्या सकाळी तापमान सुमारे 2 अंश सेल्सियस होते, यापूर्वीचे सर्वांत थंड उड्डाण 12 अंशांचे. इंधनाच्या नळकांड्यांच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत ताठरतात, फट उघडताच झटकन सरकून ती बुजवत नाहीत, म्हणून आदल्या रात्री अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता. तो मानला गेला नाही. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा पकडीत दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. पकड सोडल्यावर रबर लगेच पूर्ववत झाले नाही. एवढा स्वस्त आणि एवढा बोलका प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

आमची पेटी आठवडाभर तांदळाच्या डब्याशेजारी, सावलीत, उघडी वाळत ठेवली. कडे बोटांनीच काढले. टोकदार वस्तूने ओरखडा पडतो. ते आणि खाच मऊ फडक्याने पुसली, चिमूटभर सिलिकॉन ग्रीस चोळले, तेही कडे फक्त चकाकेल एवढेच. ग्रीस फट बुजवण्यासाठी नसते, कड्याला पीळ न पडता सरकता यावे म्हणून असते. ढीगभर लावले तर वाळू चिकटते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. आत सिलिका जेलची पुडी टाकली. मग विद्युतघट न घालता, कोरडा टीपकागद ठेवून पेटी बादलीत तासभर दाबून धरली. कागद कोरडाच निघाला.

पुढच्या रविवारी भल्या सकाळी, ऊन चढण्याआधी, पेटी ओल्या फडक्यात गुंडाळून डोहावर नेली. यंत्र दीड तास चालले. पाच बाटल्यांची झाकणे, एक गंजलेला विळा आणि खिळ्यांची मूठभर निघाली. वाकी मिळाली नाही. ती सापडली जूनमध्ये, पहिल्या पुराच्या आधी डोह आटल्यावर, त्या बाईंनाच, हाताने गाळ चाचपताना.