मुक्या माणसाची हाक

रात्रीच्या सुनसान रस्त्यावर गाडी उलटली आणि चालक बेशुद्ध पडला, तर मदतीला हाक मारायची कुणी? मुक्या झालेल्या माणसाच्या वतीने बोलणारे यंत्र याच प्रश्नातून जन्माला आले.

त्याचे मूळ एका पोलादी गोळीत आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलन ब्रीड यांनी टक्कर ओळखणारे साधन तयार केले. एका नळीत चुंबकाने धरून ठेवलेली गोळी असे. गाडी आदळली की गोळी सुटे, पुढच्या टोकाला टेके आणि वीजप्रवाह सुरू होऊन एअरबॅग फुगे. टक्कर झाल्याचे गाडीला कळू लागले, पण बाहेरच्या जगाला नव्हे.

ती वाट १९९६ मध्ये खुली झाली. जनरल मोटर्सने आणलेल्या ‘ऑनस्टार’ सेवेत एअरबॅग उघडताच गाडीतला फोन आपणहून सेवाकेंद्राला लागे आणि उपग्रहांच्या मदतीने ठिकाण कळवी. केंद्रातला माणूस विचारपूस करी. पलीकडून उत्तर आलेच नाही, तर ते मौनच हाक समजले जाई.

मात्र ही सोय पैसे मोजणाऱ्यांपुरती होती. युरोपीय संघाने ती सार्वजनिक केली. ३१ मार्च २०१८ पासून तिथे मोटारींच्या नव्या प्रकारांत ‘ई-कॉल’ सक्तीचा झाला. अपघात होताच गाडी ११२ क्रमांक लावते. वेळ, ठिकाण, प्रवासाची दिशा, किती पट्टे बांधलेले होते, हे सारे कळवते.

पण यंत्राचीही वाचा जाते. अमेरिकेतील जुने अ‍ॅनालॉग फोनजाळे बंद होणार म्हणून ‘ऑनस्टार’ने २००७ अखेर त्यावरची सेवा थांबवली. ज्या गाड्यांची यंत्रे बदलता येण्यासारखी नव्हती, त्या धडधाकट असूनही मुक्या झाल्या. युरोपातला ‘ई-कॉल’ही टूजी-थ्रीजीवर बेतलेला, म्हणून २०२६ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांसाठी फोरजी-फाइव्हजीचा नियम करावा लागला. बोलणारे यंत्र बसवून भागत नाही, ऐकणारा कानही जपावा लागतो.

आपल्याकडेही मदतीचा क्रमांक ११२ च आहे. जखमीला मदत करणाऱ्याला जाच होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले. तेव्हा वाटेत कुणी पडलेले दिसले, तर गाडी थांबवा, फोन लावा. ज्याच्याकडे असे यंत्र नाही, त्याची हाक आपणच व्हायचे आहे.