फुकुशिमा: किरणांपेक्षा पळापळीनेच जास्त माणसं नेली

फुकुशिमा म्हटलं की आपल्याला स्फोट आणि किरणोत्सर्ग आठवतो. मृतांचा हिशेब मात्र वेगळंच सांगतो. किरणोत्सर्गाने झालेला पहिला मृत्यू जपान सरकारने मान्य केला तो 2018 मध्ये, प्रकल्पावरच्या एका कामगाराचा. त्याच प्रांतात भूकंप आणि त्सुनामीने थेट सोळाशेच्या आसपास माणसं गेली, आणि नंतरच्या हालअपेष्टांत, मुख्यतः घरदार सोडून फिरण्यात, 2300 हून जास्त. बहुतेक सगळी म्हातारी.

11 मार्च 2011 च्या रात्री 3 किलोमीटरच्या आतलं गाव रिकामं करा म्हणाले. पहाटे 10 किलोमीटर, संध्याकाळी 20. लोक हलले, परत हलले, परत हलले. नामिएची कितीतरी माणसं त्सुशिमा भागात जाऊन थांबली, आणि किरणोत्सर्गही नेमका तिकडेच पसरत होता! सरकारकडे त्याचा संगणकावरचा अंदाज होता, या लोकांपर्यंत तो पोचलाच नाही.

सगळ्यात वाईट प्रकार फुताबा हॉस्पिटलचा. प्रकल्पापासून साडेचार किलोमीटर. चालते-फिरते रुग्ण 12 तारखेला बसने गेले, अंथरुणाला खिळलेले मागे राहिले. 14 तारखेला त्यातल्या काहींना आणि शेजारच्या वृद्धाश्रमातल्यांना बसमध्ये घातलं. सोबत डॉक्टर नाही, नर्स नाही. दहा तासांहून जास्त प्रवास, आणि उतरवलं कुठे, तर इवाकीतल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत. या स्थलांतरात चाळीसहून जास्त रुग्ण दगावले. लोकांना हलवायलाच नको होतं असं मी म्हणत नाही. पण सलाईनवरच्या माणसाला चार दिवस थांबवून नीट नेता आलं असतं.

पैशाचं म्हणाल तर सक्तीने घर सोडावं लागलेल्यांना मानसिक त्रासापोटी माणशी महिना 1 लाख येन मिळाले. रेषेच्या पलीकडच्याला फारसं काही नाही. इवाकीत त्सुनामीने घर गेलेले आणि हे भरपाईवाले शेजारी-शेजारी राहायला आले. मग कुरबुरी व्हायच्याच.

आपल्या तारापूरला 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, जवळच बोईसरची गजबजलेली एमआयडीसी. तिथल्या मॉक ड्रिलमध्ये अंथरुणावरच्या आजी-आजोबांची यादी कुणाकडे असते का? पालघरकरांनी विचारून बघावं.

फुताबा गावाचं तर अख्खं ऑफिसच साइतामातल्या काझो शहरात, एका बंद पडलेल्या शाळेत हललं. वस्ती सात हजारांची. परत राहायला परवानगी मिळाली ऑगस्ट 2022 मध्ये, तीही गावाच्या एका भागापुरती. तोवर मुलं दुसरीकडे शिकून नोकरीला लागली होती. परतले ते थोडेच.