गॅस वॉल फर्नेसमधील ज्वलनवायूंचा निकास

गॅस वॉल फर्नेस हे भिंतीच्या पोकळीत बसवले जाणारे व नैसर्गिक वायू किंवा एलपीजीवर चालणारे खोली तापवण्याचे उपकरण आहे. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियातील जुन्या लहान घरांत व सदनिकांत, ते आजही आढळते. या उपकरणाची सुरक्षितता मुख्यतः त्यातील ज्वलनवायू घराबाहेर नेणाऱ्या निकासनळीवर अवलंबून असते. निकास बिघडल्यास कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचून मृत्यू ओढवू शकतो.

कार्यतत्त्व

बर्नरमधील ज्वाळा धातूच्या उष्णताविनिमयकाच्या आत जळते. खोलीतील हवा त्याच्या बाहेरून फिरून तापते. हवा व ज्वलनवायू एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या व साध्या प्रकारांत ज्वलनवायू बाहेर ढकलण्यासाठी पंखा नसतो. तापलेले वायू हलके असल्यामुळे ते नळीतून आपोआप वर चढतात. हे बल अतिशय क्षीण असते आणि थंड नळी, अपुरी उंची किंवा घरातील एखादा पंखाही त्यावर मात करू शकतो. ज्वाळेच्या वरच्या बाजूस ‘ड्राफ्ट हूड’ नावाची मोकळी जागा ठेवलेली असते. वाऱ्याचा झोत नळीतून खाली आल्यास ज्वाळा विझू नये हा तिचा हेतू. मात्र निकास उलटला की ज्वलनवायू याच जागेतून खोलीत येतात.

थेट निकास प्रकारात ज्वलनकक्ष पूर्णपणे बंदिस्त असतो. तो बाहेरची हवा घेतो आणि ज्वलनवायूही बाहेरच सोडतो. खोलीतील हवेशी त्याचा संबंध येत नसल्याने हा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो, परंतु सहसा तो बाहेरच्या भिंतीवरच बसवावा लागतो.

निकासनळी

भिंतीच्या आतून जाणाऱ्या निकासासाठी ‘बी-डब्ल्यू’ वर्गाची लंबगोल, दुहेरी भिंतीची नळी वापरली जाते. आतील स्तर ॲल्युमिनियमचा, बाहेरील जस्तलेपित पोलादाचा असून मधल्या हवेमुळे आतील वायू उष्ण राहतात व लाकडी सांगाड्याला कमी झळ लागते. एकेरी पत्र्याची नळी भिंतीत लपवणे धोक्याचे आहे. अमेरिकी राष्ट्रीय इंधनवायू संहितेनुसार या नळीचे वरचे टोक फर्नेसच्या तळापासून किमान १२ फूट उंच असावे लागते. टोकावर मान्यताप्राप्त टोपी बसवतात. नळी माळ्यावर किंवा छताखालच्या पोकळीत संपवणे निषिद्ध आहे.

नळी भिंतीत दडलेली असल्याने तिचे दोष दिसत नाहीत. छताची दुरुस्ती करताना टोपी सरकते, पक्षी घरटे बांधतात, भूकंपाच्या हादऱ्याने सांधे निखळतात. अशा प्रसंगानंतर वार्षिक तपासणीची वाट न पाहता तंत्रज्ञाकडून नळी पाहून घेणे योग्य.

खोलीतील हवा

निकास व हवेचा पुरवठा या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. संहितेतील प्रचलित नियमाप्रमाणे दर १,००० बीटीयू प्रतितास क्षमतेमागे ५० घनफूट जागा लागते. म्हणजे ३५,००० बीटीयूच्या फर्नेसला १,७५० घनफूट, अर्थात ८ फूट उंचीच्या छताखाली सुमारे २२० चौरस फूट. खिडक्यांच्या फटी बुजवून घर हवाबंद केल्यास हा हिशेब पुरेसा ठरत नाही व बाहेरून हवा आणण्याची सोय करावी लागते. ऊर्जाबचतीच्या उत्साहात ही बाब अनेकदा विसरली जाते.

उलट्या प्रवाहाची चाचणी

स्वयंपाकघर व स्नानगृहातील एक्झॉस्ट पंखे किंवा कपडे वाळवण्याचे यंत्र घरातील हवा बाहेर ओढतात. तिची भरपाई निकासनळीतून होऊ लागली की प्रवाह उलटतो. म्हणून चाचणीच्या वेळी दारे-खिडक्या बंद करून ही सर्व साधने एकाच वेळी चालू ठेवतात. फर्नेस सुमारे ५ मिनिटे जळाल्यावर ड्राफ्ट हूडजवळ उदबत्ती किंवा काडीचा धूर धरला जातो. धूर आत ओढला गेल्यास निकास योग्य. बाहेर फेकला गेल्यास फर्नेस तत्काळ बंद करून तंत्रज्ञास बोलवावे लागते. नव्या उपकरणांत अशा वेळी गॅस तोडणारा तापसंवेदी स्विच असतो. तो वारंवार तुटत असेल तर दोष निकासात असण्याची शक्यता मोठी असते. स्विच जोडून टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे.

खिडक्यांच्या काचांवर अकारण साचणारे दव हीदेखील खूण आहे. ३५,००० बीटीयूच्या फर्नेसमध्ये तासाला सुमारे दीड लिटर पाण्याएवढी वाफ तयार होते व ती नळीतून बाहेर जाणे अपेक्षित असते.

कार्बन मोनॉक्साइड

या वायूला रंग व वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे फ्लूसारखी भासतात, पण ताप नसतो. घरातील अनेकांना एकदम त्रास होणे व बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही महत्त्वाची चिन्हे होत. अशा वेळी सर्वांनी लगेच बाहेर पडून आपत्कालीन सेवेस कळवणे आवश्यक असते. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने, इंधन जाळणारे उपकरण असलेल्या घरांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. स्वतंत्र घरांसाठी १ जुलै २०११ पासून व इतर निवासांसाठी १ जानेवारी २०१३ पासून. हे यंत्र निकासाची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात वॉल फर्नेस वापरात नाहीत. मात्र बंद स्नानगृहात निकासनळीविना बसवलेल्या गॅस गीझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागे हाच वायू असतो.