बालनाट्य-शिबिरे आणि इंदूरची मराठी

मराठी रंगभूमीवर मूल फार पूर्वीपासून वावरत आले आहे. बालरंगभूमी मात्र अलीकडची आहे. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज उन्हाळ्याच्या सुटीत भरणाऱ्या बालनाट्य-शिबिरांचे मर्म उमगावयाचे नाही.

नाटक मंडळ्यांच्या काळी गोड गळ्याची मुले हेरून मंडळीत आणीत. केशवराव भोसले असेच बालवयात रंगभूमीवर आले आणि देवलांच्या शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. आमच्या इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर याही वडिलांच्या संगीत नाटकांतून बालपणीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. या परंपरेतून थोर कलावंत निपजले, हे निर्विवाद. परंतु नाटक मोठ्यांचे, प्रेक्षक मोठे आणि गरजही मोठ्यांचीच. मूल हे तेथे साधन होते.

१९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले आणि ‘लिटल थिएटर’च्या कार्यास आरंभ झाला. मुलांसाठीच रचलेले नाटक मुलांपुढे नेटकेपणाने होऊ लागले. शिबिराने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे मूल केवळ प्रेक्षक राहत नाही. ते नाटक घडविते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली ‘संस्कार रंग टोली’ उभारली व मुलांच्या उन्हाळी कार्यशाळा चालविल्या, त्यामागेही हाच विचार होता.

इंदुरात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर हे शहर होळकरांची राजधानी झाले आणि येथे मराठी रुजली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने येथे भरली. बाबा डिके यांच्यासारख्या रंगकर्मींनी ‘नाट्यभारती’च्या द्वारे येथील मराठी नाटक जागते ठेवले. तथापि १९५६ पासून आम्ही हिंदीभाषी मध्यप्रदेशात आहोत. मुलाचे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीत, खेळ हिंदीत. मराठी उरते ती आजीपुरती. साहजिकच पालकांस वाटते की, शिबिराने महिनाभरात मुलाची मराठी सुधारून द्यावी.

ही अपेक्षा रास्त असली, तरी तीत एक धोका आहे. पूर्वी मंडळीसाठी मूल राबले. आता भाषेसाठी ते राबेल! ‘मी येऊन राहिलो आहे’ असे म्हणणाऱ्या मुलास पहिल्याच दिवशी अडवून ‘मी येत आहे’ असे घोकविले, तर ते शुद्ध बोलेल कदाचित. पण दुसऱ्या दिवशी बोलेलच असे नाही. आम्हां शिक्षकांची ही जुनी खोड आहे. समारोपाचा प्रयोग चोख व्हावा म्हणून चार धीट मुलांस संवाद द्यावयाचे आणि उरलेल्यांस झाडे करून उभे करावयाचे, ही दुसरी.

याउलट, मुलांनी आपल्याच घरातील आजी, भाजीवाला, शेजारी यांची सोंगे वठवावीत. आजीचे सोंग आणताना आजीची मराठी आपोआप जिभेवर येते, कारण तिच्यावाचून आजी उभीच राहत नाही. भाजीवाला हिंदी बोलतो, तर त्यास हिंदीच बोलू द्यावे. सामग्रीचेही तसेच. आमच्याच शहरातील चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून आकृती साकारून दाखविल्या. भाड्याच्या जरीच्या पोशाखांपेक्षा तो धडा शिबिरास अधिक उपकारक आहे.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी टिकावी, ही तळमळ आम्हांसही आहे. परंतु मुलास जे बोलावयाचे आहे, ते बोलण्यास मराठी उपयोगी पडली, तरच तो ती जवळ ठेवील. म्हणून शिबिराची परीक्षा समारोपाच्या टाळ्यांवर करू नये. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसलेले मूल अखेरच्या आठवड्यात आपले वाक्य आपण रचून बोलले की नाही, एवढेच पाहावे.